सिरोंच्यातली चार बोटं सावली

चंद्रपूरच्या बसस्थानकावर सिरोंच्याची बस पकडली, तेव्हा माझ्या पिशवीत दोन जोड कपडे, एक छत्री आणि शिक्षण खात्याच्या एका परिपत्रकाची झेरॉक्स होती. त्या परिपत्रकानुसार येत्या शुक्रवारी भर दुपारी सगळ्या शाळांमधली सावली नाहीशी व्हायची होती. माझं बालपण मोर्च्यांची पत्रकं वाटण्यात गेलं. मागण्या करणारे कागद मी पुष्कळ पाहिले. सूर्याला हजर राहण्याचा आदेश देणारा कागद पहिल्यांदाच पाहत होते.

मूळ गोष्ट सुंदर आहे. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पुन्हा जुलैत, आपल्याकडे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. सरळ उभ्या काठीची सावली काठीच्या पायातच शिरते. हा शून्य सावलीचा दिवस. पण पृथ्वी गोल आहे, म्हणून तो गावोगाव वेगळा. जुलैत सूर्य दक्षिणेकडे परतत असतो. आधी नागपूरला भेटतो, मग चंद्रपूरला आणि पार तेलंगणाच्या वेशीवरच्या सिरोंच्याला त्याहून उशिरा. परिपत्रक काढणाऱ्याला एवढी सवड नव्हती. त्यानं सगळ्यांना एकच शुक्रवार वाटून दिला. वर आमिषही लावलं. शून्य सावलीचा फोटो पोर्टलवर चढवणाऱ्या प्रत्येक शाळेतली दोन मुलं रॉकेट उडताना पाहायला समुद्रकाठी जाणार.

माझी वसतिगृहातली मैत्रीण सुजाता सिरोंच्याजवळच्या एका खेड्यात शिकवते. ती मूळची चामोर्शीची. फोनवर म्हणाली, "ये लवकर. सूर्य अन् साहेब, दोघांत कोण जिंकते ते पाहू."

आष्टीला वैनगंगा ओलांडली. दोन्ही बाजूंच्या बांध्यांत (बांध घातलेल्या धानाच्या शेतांत) रोवणा, म्हणजे भातलावणी, चालू होता. आलापल्लीला तर्री घातलेला आलुबोंडा खाल्ला. त्यानंतर सागवनाचं जंगल लागलं, रस्ता संपला आणि राष्ट्रीय महामार्ग सुरू झाला.

"बाई, डोकं खिडकीपासून दूर ठेवा," कंडक्टर म्हणाला. "सिरोंच्याले काय काम काढलं?"

"सावली पाहायला चालले."

"इतक्या दूर? चंद्रपुरात सावली नाई राह्यली का?" मग स्वतःच विचार करून म्हणाला, "खरंच नाई राह्यली. झाडं कुठी हायेत तिथी!"

पोचले तेव्हा अंगाचं प्रत्येक हाड आपापली ओळख सांगत होतं. सुजाताच्या घरमालकीणबाईंनी भात, गोदावरीचा मासा आणि अंबाडीची भाजी (इकडे तिला गोंगुरा म्हणतात) वाढली. त्या तेलुगूत आग्रह करत होत्या, मी मराठीत नको म्हणत होते, आणि ताटात भात वाढतच होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. अंगणात छपराइतका उंच बांबू ओळंबा लावून सरळ उभा केलेला. शाळा उघडल्यापासून ऊन असेल त्या दिवशी मुलं बांबूची सर्वांत आखूड सावली शोधत आणि तिच्या टोकाला चुन्याचा ठिपका देत. वर्गातल्या भिंतीवर त्याचा आलेख. दिवस पुढे सरकत होते तशी रेघ वळत वळत खाली येत होती. सातवीतल्या लावण्यानं ती पेन्सिलीनं पुढे वाढवून दाखवली.

"ताई, हे बघा. इथी शून्याले टेकते. मंगळवार."

"पण कागदात तर शुक्रवार आहे."

"कागदानं कुठी सावली मोजली?"

माझ्या सगळ्या पत्रकबाजीत इतकं नेमकं वाक्य मला कधी सुचलं नव्हतं.

शुक्रवारी आभाळानं साहेबांना दगा दिला. ऐन जुलैत लख्ख ऊन पडलं. विस्तार अधिकारी जीपमधून उतरले. त्यांच्यासोबत आलेला फलक शाळेच्या दर्शनी भिंतीपेक्षा लांब होता. दुपारची वेळ झाली. सावली आखूड होत होत चार बोटांवर आली, आणि गोदावरीकडे बोट दाखवत तिथेच थांबली.

"मॅडम, सावली काऊन दिसून राह्यली?"

"साहेब, सूर्य अजून सिरोंच्यात आला नाई. मंगळवारी येते."

"पण लेटर तं आलं ना!"

साहेबांनी बांबूभोवती एक फेरी मारली. बांबू वाकडा असेल, अशी शंका काढली. मुलांनी ओळंबा लावून दाखवला. मग त्यांना मार्ग सुचला. त्यांनी दोन मोठ्या पोरांना बांबू सूर्याच्या दिशेनं किंचित झुकवायला सांगितला. सावली आज्ञाधारकपणे बांबूच्या पायाशी गेली. साहेब फलकापुढे उभे राहिले, फोटो निघाला, टाळ्याही झाल्या. आपल्याकडे ताठ उभं राहणाऱ्याचं काय करायचं असतं, त्याचं इतकं स्वच्छ प्रात्यक्षिक मी दुसरीकडे पाहिलं नाही.

लावण्यानं हात वर केला. "सर, असा झुकवला तं रोजच शून्य येते."

"मंग रोजच करा की!" साहेब हसले. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या वर साहेब होते, इतकंच. जाताना त्यानं सुजाताला बजावलं, "फोटो तुमच्या लॉगिनवरून टाका. पोर्टल मंगळवारी संध्याकाळी बंद होते. नाई टाकला तं पोट्ट्यांची सहल गेली."

या शाळेची दोन मुलं म्हणजे लावण्या आणि राजू. सुजातानं झुकलेल्या बांबूचा फोटो टाकला नाही. म्हणाली, "मंगळवारी खरा काढू. चार दिवसांचा तं सवाल हाय."

रविवारी आम्ही प्राणहिता आणि गोदावरीचा संगम पाहायला गेलो. पाणी गढूळ, अफाट. काठाच्या चिखलात माझी एक चप्पल रुतली आणि बघता बघता वाहून गेली. होडी ओढणारा एक कोळी म्हणाला, "गेली बाई आता समुद्राले." म्हणजे माझी चप्पल विनापोर्टल समुद्रकाठी पोचणार होती. मुलांचं मंगळवारवर अवलंबून होतं.

मंगळवारी आभाळ कढईच्या बुडासारखं काळं.

मुलं बांबूभोवती बसली. कुणी ढगाला तेलुगूत शिव्या दिल्या, कुणी मराठीत. दुपार झाली, टळली. ढगाला कुठेही फट पडली नाही. बांबू सरळ उभा, आणि जमिनीवर सावलीचा मागमूस नाही.

राजू उठून उभा राहिला. "मॅडम, सावली नाई ना? मंग शून्य! काढा फोटो!"

फोटोत कुणालाच खोट काढता आली नसती. बांबू ताठ होता, दिवसही खरा होता. सूर्य ढगामागे नेमका डोक्यावर होता, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"लावण्या, तुले काय वाटते?" सुजातानं विचारलं. "सहलीले तुहं बी जाणं हाय."

लावण्यानं चुन्याच्या शेवटच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं. "शून्य म्हणजे मोजून शून्य," ती म्हणाली. "आपण मोजलंच नाई. आलेखातलं आजचं घर रिकामं ठेवा लागते."

"तुले रॉकेट नाई पाहायचं तं नको पाहू!" राजू ओरडला. "माहं काऊन बुडवते?"

लावण्याचे डोळे भरले होते, तरी तिनं शब्द मागे घेतला नाही. संध्याकाळी सुजातानं पोर्टल उघडलं. 'ढगामुळे मोजता आलं नाही' असं लिहायला त्यात जागाच नव्हती. फोटोसोबत ते सावलीचा आकडाही मागत होतं. रिकामं चालत नव्हतं. तिनं ते तसंच मिटलं.

निघताना लावण्या बसपर्यंत आली. राजू तिच्याशी अजून बोलत नव्हता. मी सांत्वनाची वाक्यं जुळवत होते, तर तीच म्हणाली, "मे महिन्यात येते ना सूर्य परत. तवा सुट्टी असते, पण ढग नसतात. मी इथीच राहीन."

"आणि रॉकेट?"

"ते गेलं," ती म्हणाली आणि दुसरीकडे पाहू लागली.

मी नव्या रबरी चपला घालून चंद्रपूरला परतले. काही दिवसांनी अहवाल आला. त्याच शुक्रवारी, त्याच दुपारी, उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत सहभागी झालेल्या सगळ्या शाळांत सावली शून्य. यश संपूर्ण. आता शाळेत शिकवतात ते गणित पाहा. दूरवरचा सूर्य एकाच क्षणी सगळ्यांच्या बरोबर डोक्यावर यायचा, तर जमीन पाटासारखी सपाट हवी. आमच्याकडे ती तशी असल्याचं आता शिक्क्यानिशी सिद्ध झालं आहे, आणि सिद्ध करणाऱ्यांची मुलं रॉकेट पाहून येतील.

अहवालात एका शाळेचं नाव नाही. तेवढ्या अंगणापुरती पृथ्वी अजून गोल आहे.