उलट्या पिनेचा अडॅप्टर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. विहारात डोळे मिटून बसतो तेव्हा स्वतःलाही नाही — तिथंही मी मुद्दाम दुसरंच काहीतरी आठवत बसतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. मग हीसुद्धा पळवाटच झाली का? असेल.

आम्ही धनजचे. बाबांची भीमगीतांची गायन पार्टी होती. ते गायचे, मी कीबोर्ड वाजवायचो. कार्यक्रम संपला की लोक पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "पोट्ट्यानं बापाचं नाव राखलं." मला ते ऐकायची सवय लागली होती — किती लागली होती, ते थोरल्या बहिणीनं, सुजाताताईनं, ते खोकं बनवायला घेतलं तेव्हा कळलं.

ताईनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. नोकरी लागत नव्हती. घरी बसल्या बसल्या तिनं मोबाइलवर व्हिडिओ पाहून सिंथेसायझर बनवायला सुरुवात केली. पेटीला हवा लागते, एकतारीला तार लागते. याला नुसती वीज पुरते, विजेचाच सूर होतो. एका जुन्या स्टॅबिलायझरच्या लोखंडी खोक्यात तिनं ते सगळं बसवलं. वर बटणांची एक रांग. प्रत्येक बटणावर एक सूर लावून ठेवायचा, मग लाल दिवे एकामागे एक पळत जातात आणि ते सूर आपोआप फिरत राहतात. पहिल्यांदा वाजलं तेव्हा शेळी ओरडल्यासारखं वाजलं. आम्ही तिघंही पोट धरून हसलो. मीही हसलो — मनापासून. तेव्हा अजून काही बिघडलं नव्हतं.

मग ते सुधारत गेलं. एका सकाळी ओसरीत बाबा त्या सुरांवर गायला लागले. डोळे मिटून. माझ्या कीबोर्डवर ते कधी डोळे मिटून गायले नव्हते. मी कुठं चुकेन म्हणून त्यांचं लक्ष सतत माझ्या बोटांवर असायचं. गाणं संपलं आणि ते म्हणाले, "सुजाता, जयंतीले हे स्टेजवर घेऊ." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तू जोडीले राहाय."

जोडीले!

पहिल्या वेळी माझी चूक झाली. खरंच चूक. ताई कारंज्याला गेली होती, मला ते खोकं एकट्यानं वाजवून पाहायचं होतं. तिचा अडॅप्टर सापडेना, म्हणून मी माझ्या कीबोर्डचा लावला. पिन बरोबर बसली. पण त्याचं प्लस-मायनस उलटं होतं. आत टच् असा आवाज झाला, जळका वास आला. मी पिन ओढली, खिडकी उघडली आणि शेतात निघून गेलो.

ताईनं खोकं उघडलं, तर एक कॅपॅसिटर फुगून फुटला होता. तिनं मला विचारलं, "संजू, तू दुसरा अडॅप्टर त नाही लावला ना याले?"

"मी कायले लावू?"

एवढंच बोललो. तिचा विश्वास बसला. त्यानंतर ती रोज मल्टिमीटर घेऊन बसायची आणि मी शेजारी बॅटरीचा उजेड धरायचो. हो — मीच धरायचो. ती सोल्डरचा एकेक टाका तपासायची, एकेक आयसीची चिप उपसून पाहायची. कशासाठी? स्वतःची चूक शोधायला. शेवटी म्हणाली, "मीच कॅपॅसिटर उल्टा बसवला असंन." तेव्हा मी तोंड उघडलं असतं तर तिनं आत एक डायोड टाकला असता, ज्वारीच्या दाण्याएवढा. उलटी वीज दारातच अडली असती. हे मला माहीत होतं. तिनंच शिकवलं होतं.

तिनं अकोल्याहून पार्ट आणले आणि ते पुन्हा उभं केलं. आधीपेक्षा गोड वाजायला लागलं. बाबा दिसेल त्याला सांगत सुटले. अमरावतीचा एक स्टुडिओवाला जयंतीला ते ऐकायला येणार होता. आवडलं तर ताईला कामावर घेतो म्हणाला होता.

इथवर सांगितलं तो भित्रेपणा. त्याला चूक म्हणता येईल. पुढच्याला काय म्हणू?

जयंतीच्या दुपारी सगळे विहारात वंदनेला गेले होते. ताई पांढरी साडी नेसून बाबांसोबत गेली. खोकं तिनं शालीत गुंडाळून ठेवलं होतं. मी शाल सोडली. माझा अडॅप्टर काढला. या वेळी मला ठाऊक होतं. मी पिन आत घातली आणि — वास येईपर्यंत धरून ठेवली. मग शाल होती तशी गुंडाळली आणि वंदनेला जाऊन सगळ्यांच्या मागं बसलो.

संध्याकाळी स्टेजवर तिनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. समोर अख्खं गाव. बाबांनी माइक घेऊन सांभाळून घेतलं, "मशीन लाजून राह्यली हो!" लोक हसले. ताई आपल्या हातांकडं बघत बसली. आणि मी? मी कीबोर्ड सुरू केला. त्या दिवशी माझं एकही बोट चुकलं नाही. स्टुडिओवाल्यानं जाताना माझा हात हातात घेतला. ताईशी तो बोललाही नाही.

घरी आल्यावर बाबा रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "जाऊ दे बाई. आपल्याच्यानं नाही होत ते." तिनं मान हलवली. या वेळी तिनं खोकं उघडूनसुद्धा पाहिलं नाही. तिनं उघडावं असं मला वाटत होतं का? आतून कडी लावून बसलेल्या माणसासारखा मी, तिनं येऊन विचारावं म्हणून वाट पाहत होतो. ती आली नाही.

पुढं तिचं लग्न झालं, ती कारंज्याला गेली. बाबा गेले. जाईपर्यंत त्यांना हेच वाटत राहिलं, की पोरीनं एक वस्तू केली आणि ती ऐन वेळी चालली नाही.

परवा तिच्याकडं गेलो होतो. मिक्सरच्या प्लगमधली वायर कधीची निसटली होती, ती पाट्यावर वाटत होती. मी म्हटलं, "ताई, एक स्क्रू त पिळायचा हाय, काहून नाही केलं?"

"नको रे बाप्पा. माया हातानं अजून काही जळून जाईन. तू येशीनच म्हणून ठेवलं."

मी वायर बसवली. ती दोन पावलं मागं सरकून, पदर तोंडाशी धरून उभी होती. मिक्सर फिरला तसं तिनं हसून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तुया हाताले गुण हाय, संजू."

तिनं शेंगदाण्याची चटणी वाटली, गरम भाकर वाढली. मी जेवलो. चटणी पुन्हा मागून घेतली.