कोपऱ्यातल्या गिऱ्हाइकाची जागा

आधीच सांगून टाकतो, ह्या ग्रुपवर मी दोन वर्षं आहे तो फक्त हसण्यासाठी. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या गाडीत मागे कोणीतरी येऊन बसतं... मी ते कामगारांच्या कँपमध्ये मोठ्याने वाचून दाखवतो आणि आम्ही पोट धरून हसतो. "भुताला इकामा लागत नाही काय रे?" हा आमचा ठरलेला विनोद; इकामा म्हणजे सौदीत राहायचा परवाना. तेव्हा कॉमेंटमध्ये ज्यांना मला हसायचंय त्यांनी खुशाल हसा. मीही हसलोच असतो.

मी कुडाळ तालुक्यातला, पिढीजात सुतार. रियाधमध्ये एकोणीस वर्षं काढली, त्यातली अकरा फोरमन म्हणून. हाताखालची माणसं मला भाऊ म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे, कारण माझ्या जिभेला हाड नाही. कुणाची खोड काढल्याशिवाय मला जेवण जात नसे. नसे म्हणतोय... आता जातं.

तर काम असं होतं. अबू फहद नावाचा आमचा एक क्लायंट तरुणपणी इंग्लंडला शिकायला होता. तिथल्या एका जुन्या शहरात, स्टेशनमागच्या गल्लीत त्याचा आवडता पब. "आम्ही तिथे लेमोनेड प्यायला जायचो," असं तो सांगे, आणि आम्ही गंभीर चेहऱ्याने मान डोलवत असू. तो पब बंद पडला. ह्या पठ्ठ्याने आतलं सगळं विकत घेतलं आणि चार कंटेनरमधून रियाधच्या अल सुलै भागातल्या आमच्या यार्डात आणून उतरवलं. रियाधमध्ये त्याला तो पब जसाच्या तसा उभा करायचा होता. अर्थात दारूशिवाय.

खोटं कशाला बोलू, असं काम मी जन्मात पाहिलं नव्हतं. बावीस फुटांचं महोगनीचं काउंटर. मागे फुलं कोरलेले आरसे. हिरव्या टाइल्स, पायाखाली पितळी दांडा, आणि काउंटरवर चिनी मातीच्या मुठी असलेले चार हातपंप. तिकडे बिअर तळघरातल्या पिंपातच मुरते आणि बोअरिंगच्या पंपासारखा दांडा ओढून ती ग्लासात घेतात. गॅस वगैरे काही नाही. इकडे त्याच पंपांतून बिनदारूचं माल्ट येणार होतं. देऊळ बांधलं, देव आणायला परवानगी नाही, असा प्रकार.

हे सगळं जोडायचं कसं ते दाखवायला कॉलिन नावाचा एक म्हातारा इंग्रज आला होता. माल्टचा एक घोट घेऊन त्याने ग्लास बाजूला ठेवला तो परत उचलला नाही. पण लाकडावरून हात फिरवायचा तो गोठ्यातल्या गाईवरून फिरवतात तसा.

आता लवू. लवू मेस्त्री मालवणकडचा, वय छप्पन्न, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. लाखेचं पॉलिश कापसाच्या बोळ्याने चढवणारा त्याच्यासारखा माणूस सगळ्या रियाधमध्ये नव्हता. एकुलत्या एक मुलीचं, मनालीचं लग्न ठरलं होतं. लवूला पंधरा दिवस आधी घरी पोचायचं होतं. तो मोबाइलवर मुलीचा फोटो दाखवायचा, आणि पाचव्यांदा दाखवायला लागला की मी म्हणायचो, "लवू, नवरा मुलगा आंधळा आहे काय रे?" तो बिचारा हसायचा.

काउंटरच्या शेवटी, भिंतीकडच्या कोपऱ्यात, कडेला एक खळगा होता. तळहाताएवढा, गुळगुळीत. कॉलिन म्हणाला, तिथे एकच माणूस चाळीसेक वर्षं रोज बसायचा, डावं कोपर टेकून. तो गेल्यावरही त्या जागेवर कोणी बसत नसे. अबू फहदने खळगा बघितला आणि म्हणाला, "डिफेक्ट. खलास करो."

लवू माझ्याकडे आला. "भाऊनू, ही कोणाची तरी बसाची जागा आसा. ती पुसू नये."

"तुझ्या बापाची आहे काय?" मी म्हटलं. "भर."

त्याने भरली. महोगनीचा तुकडा असा बसवला की जोड बोटाला लागू नये. दोन दिवसांनी तुकडा सैल झाला. परत बसवला, परत सुटला. एसीमुळे लाकूड आखडतं, त्यात आश्चर्य काही नाही. तिसऱ्यांदा मी स्वतः उभा राहून बसवून घेतला.

काम संपलं त्या दिवशी दुपारी जेवणानंतर पोरांनी टूम काढली, गाऱ्हाणं घालूया. आमच्याकडे सिंधुदुर्गात कुठलंही काम सुरू करताना नाहीतर संपवताना एक जण सगळ्यांच्या वतीने जागेच्या राखणदाराला मोठ्याने सांगणं करतो, आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणतात. राखणदाराला कुठे नारळ लागतो, कुठे कोंबडा, आणि कुठे दारूची धार. लवू म्हणाला, "राखणदार ह्या लाकडाबरोबर इलो आसतलो. तेका काय तरी दिवक होया."

आम्ही सात जण होतो, सगळे आपल्याच भागातले. गाऱ्हाणं घालायला मीच पुढे झालो. पंपाचा दांडा ओढला, माल्टचा ग्लास भरला आणि त्या कोपऱ्यात ठेवला.

"बा देवा म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

"सायबाच्या देशातसून कंटेनरात बसान इलंस, आज तुका झिरो परसेंट पाजतंव, ता गोड मानून घे रे म्हाराजा."

पोरं हसायला लागली. मला चेव आला.

"तुझी बसाची जागा आमी भरून टाकली. तेच्या बदल्यात ह्यो लवू घे. तेका हयच बसव, हयसून हलाक देव नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सहाच्या सहा जण ओरडले असं मी लिहिणार होतो, पण नाही. पाचच. लवू भिंतीला टेकून उभा होता आणि त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. मला त्याची ती अवस्था बघून मजा वाटली. लपवत नाही. खूप मजा वाटली.

त्याच संध्याकाळी तो माझ्या खोलीवर आला. "भाऊनू, ता फिरवा. तुमच्या तोंडान घातललां, तुमच्याच तोंडान फिराक होया."

"अरे, तुला तिथून हलू देऊ नको म्हटलं ती चेष्टा."

"गाऱ्हाण्यात चेष्टा नसता, भाऊनू."

दुसऱ्या दिवशी परत आला, तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी वाकून माझ्या पायाला हात लावायला गेला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा माणूस. दोन वाक्यं म्हणायची होती मला. उभ्या उभ्या झालं असतं. पण पोरांच्या समोर मी म्हटलं, "तुझ्या सुट्टीच्या कागदावर सही माझी आहे, लवू. राखणदाराची नाही. जास्त कटकट केलीस तर तीपण होणार नाही." तो बॅग भरायला गेला.

त्याची फ्लाइट दुपारी पावणेदोनची होती. सकाळी दहाला त्याला कंपनीच्या गाडीत बसवलं, बॅग मीच डिकीत टाकली. मग किल्ल्या अबू फहदच्या ताब्यात द्यायच्या म्हणून मी पबवर गेलो. वेळ बरोबर सांगतो... बारा वाजून दहा मिनिटं. जोहरची, म्हणजे दुपारची, नमाज नुकतीच झाली होती. सगळे दिवे चालू.

लवू कोपऱ्यात बसला होता.

डावं कोपर काउंटरवर, मान खाली, उजवा हात ग्लास धरल्यासारखा. ग्लास नव्हता. सकाळी घातलेला तोच निळा चौकडीचा शर्ट. माझं डोकं फिरलं. "लवू! विमान काय तुझ्यासाठी थांबणार आहे? इथे कशाला तडमडलास?" त्याने मान वर केली नाही. मी शिवी हासडली. ढिम्म. मग मी ड्रायव्हरला झापायचं म्हणून फोन काढला, आणि घाईत ड्रायव्हरऐवजी लवूचा नंबर लागला.

"होय भाऊनू," फोनवर लवू म्हणाला. मागे विमानतळावरची अनाउन्समेंट ऐकू येत होती. "इमिग्रेशन झाला. आतमध्ये बसलंय."

मी फोन कानाला धरून कोपऱ्याकडे बघत होतो. तो तिथेच होता. फोनवर लवू बोलला की कोपऱ्यातल्या माणसाचे ओठ हलत होते.

माझ्या मागून अबू फहद आत आला, मी एकदा वळलो. परत बघितलं तेव्हा स्टूल रिकामं होतं. मी जाऊन काउंटरला हात लावला. तुकडा जागच्या जागी होता, पण लाकूड गरम लागलं. वर स्पॉटलाइट होता, त्याने तापलं असेल. असेलच.

चार दिवसांनी लवूच्या बायकोचा, सुनंदावहिनीचा फोन आला.

"भाऊनू, तुमी कोणाक धाडलात?"

"म्हणजे काय वहिनी? पोचला ना लवू?"

"पोचले. पण बोलनत नाय, वळखनत नाय. कोपऱ्यात स्टूल घेवन बसतत, डावा कोपर टेकून. खाली टेबल नाय, भाऊनू. काय एक नाय. वाऱ्यार टेकतत. दिसभर. हात दुखना पण नाय."

मनालीचं लग्न झालं. कन्यादान मामाने केलं. वऱ्हाडातल्या लोकांनी कुजबूज केली की बापाला स्थळ पसंत नाही, म्हणून तोंड फिरवून बसलाय. मुलगी पाया पडायला वाकली तेव्हा त्याने तिच्या डोक्यावरून भिंतीकडे बघितलं. हे मला वहिनींनीच सांगितलं. रडत सांगितलं नाही, एखादी यादी वाचावी तसं सांगितलं.

कुडाळचे डॉक्टर करून झाले, गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात मेंदूचा स्कॅन झाला. सगळं नॉर्मल. मानसिक धक्का असेल म्हणाले. कसला धक्का ते मी त्यांना सांगितलं नाही. लवूच्या घराबाहेर कोणालाच सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितोय.

मी गप्प बसलो नाही, एवढं तरी माना. पब सुरू झाल्यावर एका शुक्रवारी दुपारी मी गिऱ्हाईक म्हणून गेलो. छान चाललंय. बायकामुलं येतात, आरशात फोटो काढतात, पोरं पंप ओढायला भांडतात. कोपऱ्यातलं स्टूल तेवढं रिकामं. वेटर केरळचा होता, त्याला विचारलं तर म्हणाला, "लोग खुद ही नहीं बैठते, भाई. पूछते हैं, कोई आ रहा है क्या." काउंटरवर आमचा तुकडा नव्हता, खळगा होता. मला वाटलं परत सुटला. वेटर म्हणाला, सुरुवातीपासून असाच आहे.

मी माल्ट घेतलं, खळग्यापाशी ठेवलं आणि हळू आवाजात उलटं गाऱ्हाणं घातलं. चुकलो म्हणालो, माणसाला सोड म्हणालो, हवं तर मला धर म्हणालो. हे शेवटचं म्हणताना आवाज अगदीच बारीक झाला, तेही सांगतो. "होय म्हाराजा" म्हणायला कोणी नव्हतं. ती पाच जणं केव्हाच पांगली, दोन सौदीतच यान्बूला, एक अल खफजीला, दोघं गावी. फोन केले मी. एकाने उचलला आणि म्हणाला, "भाऊ, आमका ह्यात घेव नको."

मग गेल्या महिन्यात सुट्टीवर गेलो तेव्हा सरळ लवूच्या घरी गेलो. पडवीत बसला होता. वाळला होता, पण दाढी केलेली, कपडे स्वच्छ. वहिनी रोज करतात. डावं कोपर हवेत टेकलेलं, आणि ते खरंच हलत नव्हतं. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि वहिनींच्या देखत सगळं सांगितलं, मी काय बोललो, कसा हसलो, तीन दिवस त्याला कसं हाकललं.  वहिनींनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग तिथेच, नारळ आणि खरी दारू ठेवून मी गाऱ्हाणं फिरवलं. वहिनींनी प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हटलं, स्पष्ट आवाजात.

काही झालं नाही. कोंबड्या ओरडत होत्या. शेजारच्या घरात टीव्ही चालू होता.

मी उठायला लागलो आणि त्याने मान वर केली. सात महिन्यांत पहिल्यांदा, वहिनी म्हणाल्या. थेट माझ्याकडे बघितलं, ओळखलं, आणि हात जोडले.

"भाऊनू," तो म्हणाला, "आता तरी माका सोडा. चेडवाचा, मनालीचा लगीन आसा. मी पोचाक होया."

मनाली माहेरपणाला आली होती. पाचवा महिना लागला होता तिला. ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, त्याच्यापासून चार पावलांवर. तिने ट्रे खाली ठेवला आणि आत निघून गेली.

ह्याला तुमच्यापैकी कोणी आजार म्हणेल, कोणी बाधा म्हणेल. मला दोन्ही पटत नाही, आणि तिसरं काही सुचत नाही. वहिनींचा दर रविवारी फोन येतो, लवू रोज एकदा तेच म्हणतो असं सांगतात, आणि विचारतात, "काय सांगू तेंका?" मी काय सांगणार? सोडायचं कसं ते मलाच माहीत नाही.