जुळवेकाकांनी न भरलेला रकाना

जुळवेकाकांचं खरं आडनाव पगारपत्रकाला ठाऊक होतं. बाकी आम्हा सगळ्यांसाठी ते जुळवेकाकाच. औषध-सुरक्षा केंद्रात एकवीस वर्षं नोंदींची जुळवाजुळव करत बसले म्हणून हे नाव पडलं. त्यांच्या समोरच्या टेबलावर मी चौदा वर्षं काढली. या चौदा वर्षांत फोन वाजला, मी उचलला आणि पलीकडून कुणी "काका आहेत का?" असं विचारलं नाही, असे दिवस मी बोटांवर मोजून दाखवीन. तेव्हा हे मी काही फार निर्मळ मनाने लिहीत नाहीये, ते आधीच सांगून टाकते.

आमचं काम तसं समजायला सोपं आहे. एखाद्या औषधाने कुणाला त्रास झाला, की डॉक्टर, औषधवाला किंवा घरचं माणूस आम्हाला कळवतं. ती नोंद संगणकात जाते. नोंदी साठत गेल्या की अंदाज येतो, हे औषध किती जणांना बाधतंय. भानगड अशी, की एकाच माणसाचा त्रास तिघं तिघं कळवतात. डॉक्टर वय लिहितो बावन्न, औषधवाला लिहितो पन्नास, मुलगी फोनवर सांगते त्रेपन्नावं चालू आहे. रुग्णाचं नाव नोंदीत घालायचं नाही असा नियम. मग हे तीन रुग्ण की एकच, ते ओळखायचं कुणी?

काका ओळखायचे. इथे येण्याआधी त्यांनी दहा वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे काढली होती, त्यामुळे डॉक्टरांचं अक्षर, गोळ्यांचे डोस आणि दुखणं सांगण्याच्या लोकांच्या तऱ्हा, सगळं तोंडपाठ. जवळचा चष्मा नाकावर, लांबचा कपाळावर, पेन्सिल कानावर. बोट कागदावरून सरकत सरकत एका ओळीवर थांबायचं आणि काका म्हणायचे, हा तोच गं पोरी, मागच्या महिन्यातला मधुमेहवाला. मी पंचेचाळीस वर्षांची बाई. पोरी म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शोधून बघितलं तर माणूस खरोखरच तोच निघायचा, त्याने तर जास्तच.

अशा एकाच माणसाच्या नोंदी बांधून ठेवायला संगणकात एक रकाना होता, जोडनोंद नावाचा. तो काकांनी कधी भरला नाही. जुळलेल्या नोंदींचे क्रमांक ते निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचे, वही खणात आणि खणाला कुलूप. मॅडमनी, म्हणजे आमच्या केंद्रप्रमुखांनी, दोनदा विचारलं. दोन्ही वेळा काका "भरतो की" म्हणाले आणि विषय तिथेच राहिला. मी एकदा वही बघायला मागितली, तर त्यांनी खण आत ढकलून मला चहा पाजला. कारण मला कळत होतं. रकाना भरला असता तर खरा आकडा कुणालाही दिसला असता, मग काकांना फोन कुणी केला असता? मी त्यांच्या जागी असते तर दोन कुलपं लावली असती.

मागच्या वर्षी केंद्राने एआय सहायक आणला आणि तो थेट आमच्या नोंदींच्या साठ्याला जोडून दिला. डॉक्टरने वॉर्डात उभ्या उभ्या प्रश्न टाइप करायचा, सहायक सगळ्या नोंदी चाळून अर्ध्या मिनिटात उत्तर देणार, वर कुठल्या नोंदी बघितल्या तेही सांगणार. त्याची बडदास्त तर विचारू नका. आमच्या खोलीतला पंखा तीन वर्षं कुरकुरत होता, याच्यासाठी मात्र आठवड्यात नवी यंत्रणा आली. काकांनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं. महिन्याभरात फोन निम्म्यावर आले. तिसऱ्या महिन्यात काकांचा फोन दिवसातून एकदाच वाजायचा आणि तो काकूंचा असायचा, डबा संपवला का ते विचारायला.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. चौदा वर्षं ज्या माणसाचं नाव ऐकून कान किटले होते, त्याला आता कुणी विचारेना. पण हा आनंद फार दिवस पुरला नाही. काका सकाळी आल्यापासून जाईपर्यंत त्या सहायकाबद्दलच बोलायचे. मुद्दाम अडचणीचे प्रश्न टाकून त्याला पकडायला बघायचे. तो बरोबर उत्तर द्यायचा, नाहीतर सरळ सांगायचा की याबद्दल नोंदींत पुरेशी माहिती नाही. माहीत नाही म्हणायला याला लाज कशी वाटत नाही, म्हणून काका दिवसभर धुमसत बसायचे. एकदा फोनवर काकू मला म्हणाल्या, घरीसुद्धा हेच पुराण चालू असतं, या वयात त्यांच्यात सवतीमत्सर शिरलाय. मी हसले, पण मला ते लागलं. इतकी वर्षं मी समोर बसून मान मोडेस्तोवर काम केलं, पण हेवा करावा इतकंही काकांनी मला कधी मोजलं नव्हतं. या जावयाला तीन महिन्यांत मोजलं.

रोज सकाळी आमच्या पडद्यावर एक यादी येते. आदल्या दिवशी सहायकाला कुणी काय विचारलं आणि त्याने काय सांगितलं, त्याची. आम्ही ती तपासावी अशी अपेक्षा असते. मी वरवर बघून सोडून द्यायचे. काका मात्र दुसऱ्याच्या नावाने आलेलं पत्र वाचावं तसे ती चवीचवीने वाचायचे.

त्या गुरुवारी वाचता वाचता काका हसले. कित्येक दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. मला बोलावून त्यांनी पडद्यावरची ओळ दाखवली. एका डॉक्टरने विचारलं होतं: चौतीस वर्षांची बाई, शिवणकाम करते, फिट्सचा आजार, या गोळीवर दोन वर्षांत एकही फिट आलेली नाही. आता हातावर थोडं पुरळ उठलंय. या गोळीने कातडीचा गंभीर विकार झालेले रुग्ण आपल्याकडे वर्षभरात किती? सहायकाने सांगितलं होतं, अकरा नोंदी आहेत.

या आकड्याला वजन होतं. आमच्या भागातल्या रुग्णालयांचा शिरस्ता असा, की वर्षात रुग्ण दहाच्या वर गेले तर साधं पुरळ असलं तरी गोळी बंद करायची. दहाच्या आत असतील तर रुग्णावर लक्ष ठेवून चालू ठेवायची. डॉक्टरने खाली लिहिलं होतं, गोळी बंद करून दुसरी सुरू करतोय.

काकांनी वही काढून माझ्यासमोर बोट फिरवलं. एका म्हाताऱ्याच्या चार नोंदी, एका मुलीच्या तीन, एका शिक्षकाच्या तीन, एका बाईची एक. अकरा नोंदी, माणसं चार.

"सोमवारच्या बैठकीत वाजवतो याला," काका म्हणाले. "सगळ्यांसमोर."

सहायकाची तशी चूक नव्हती. उत्तराच्या शेवटी त्याने लिहिलं होतं, की या नोंदींचा जोडनोंद रकाना रिकामा आहे, त्यामुळे एकाच रुग्णाच्या अनेक नोंदी असू शकतात, केंद्राकडून खात्री करून घ्यावी. डॉक्टरने घाईत तेवढं वाचलं नसावं. मी काकांना ती ओळ दाखवली. त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

आता माझं सांगते. मी जागेवर आले आणि डॉक्टरला फोन करायला रिसीव्हर उचलला. नंबर अर्धा फिरवला. मग मनात आलं, तो विचारणार, हे तुम्हाला कसं कळलं? मला सांगावं लागणार, काकांच्या वहीत आहे. म्हणजे फोन मी करायचा आणि कौतुक परत त्यांचंच. मी रिसीव्हर ठेवला. बाईला दुसरी गोळी दिलीच आहे ना, चार दिवसांत काय बिघडतंय, अशी स्वतःची समजूत घातली आणि कामाला लागले. शुक्रवार तसाच गेला. शनिवार-रविवार मी घर आवरलं.

सोमवारी काका नवा शर्ट घालून आले. बैठकीत दाखवायच्या कागदांच्या प्रती त्यांनी काढून आणल्या होत्या, प्रत्येकाला एक. साडेनऊला फोन वाजला. मी उचलला. एका बाईला त्रास कळवायचा होता. शब्द नीट उमटत नव्हते. मी फॉर्म पुढे ओढला आणि नेहमीसारखं विचारत गेले, मोठ्याने परत म्हणत लिहीत गेले. वय चौतीस. काम शिवणाचं. फिट्सची जुनी गोळी मागच्या बुधवारी बंद केली, नवी सुरू केली. काल दुपारी जिना उतरताना फिट आली. दहा पायऱ्या खाली. हात प्लॅस्टरमध्ये, पुढचे तीन दात गेले. नवी गोळी वाईट आहे का, तिला विचारायचं होतं, आणि जुनी एवढी चांगली चालत असताना बंद का केली.

माझा हात थांबला. समोर काकांचाही थांबला होता. ते उठून माझ्या टेबलापाशी आले आणि त्यांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला.

"बाई, मी इथलाच," ते म्हणाले. "तुमची गोळी बंद झाली ती आमच्या एका आकड्यामुळे. डॉक्टरांना अकरा दिसले. खरे चार आहेत. दिसायला हवे होते तिथे ते मी कधी लिहिलेच नाहीत. आणि डॉक्टर चुकतायत हे मला गुरुवारीच माहीत होतं."

मी इतकी जवळ होते की पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. तिने विचारलं, मग सांगितलं का नाही.

"आज बैठकीत सांगणार होतो. आमच्याकडे एक यंत्र आलंय, त्याचा मला हेवा वाटत होता."

 ती म्हणाली, "जिन्यात माझी मुलगी बरोबर होती. सात वर्षांची आहे."

काका हो म्हणाले. आपणहून कुठलीही गोळी बदलू नका, मी आत्ता डॉक्टरांना फोन करतो, ते तुम्हाला तासाभरात कळवतील, एवढं त्यांनी तिला दोनदा सांगितलं. तिने फोन ठेवल्यावर काकांनी लगेच डॉक्टरला लावला आणि तिथेही सगळं तसंच सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. मग वही घेऊन ते मॅडमच्या खोलीत गेले. तिचा फॉर्म माझ्या हातात होता, त्यावर मॅडमची सही लागणार होती, म्हणून मी मागोमाग गेले. म्हणजे तसं कारण मी स्वतःला दिलं.

मॅडमनी उभ्यानेच ऐकून घेतलं. वही उलटी-पालटी करून बघितली. चौकशी लागेल म्हणाल्या, आजपासून फोनवर बसू नका म्हणाल्या, आणि सगळे रकाने भरून होईपर्यंत दुसरं काम नाही. काका मान हलवत होते. मग मॅडमनी विचारलं, "गुरुवारपासून हे आणखी कुणाला माहीत होतं?"

मी दारात उभी होते. माझ्या हातात फॉर्म होता, त्यावर माझं अक्षर. काकांनी माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"कुणालाही नाही," ते म्हणाले. "मी एकट्यानेच दाबून ठेवलं."

मॅडमनी माझ्या हातून फॉर्म घेतला, सही केली आणि परत दिला. मी तोंड उघडलं नाही. काकांचे आभार मानावेत असं मला तेव्हा वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. राग आला. त्या बाईचे दात आणि त्या मुलीने जिन्यात जे पाहिलं ते, यातलं निम्मं माझं होतं. तेवढंही त्यांनी माझ्या वाट्याला ठेवलं नाही, आणि चौदा वर्षांत वाटला नसेल इतका मला त्यांचा हेवा वाटला.