अवधाण

आधी मॅडमचं सांगते, मग बाकीचं. पुण्याच्या ज्या प्रयोगशाळेत मी काचेच्या बाटल्या धुते, तिथल्या त्या शास्त्रज्ञ. त्या नसत्या तर मी केव्हाच वऱ्हाडातल्या माझ्या गावी, जानेफळला, परत गेले असते.

मी सातवीतून शाळा सोडलेली. इथं कामावर घेतानाच सांगितलं होतं, "महिनाभर पाहू, मग ठेवू." त्या धास्तीनं मी सगळं दोनदा करायची. साबणही दुप्पट.

तिथं नखाएवढ्या पारदर्शक जेलीत माणसाच्या जिवंत पेशी ठेवतात. बारीक नळीतून त्यांना खाणं-पाणी पोचतं, आणि ते भरतात मी धुतलेल्या बाटल्यांत. महिना संपायला चार दिवस होते. सकाळी पाहतात तर साऱ्या पेशी मेलेल्या.

"बाटल्या कोणी धुतल्या?" मोठ्या सरांनी विचारलं.

"मीच जी. साबण डबल लावला होता."

"काऊन वो?" सरांनी माझ्या बोलीची नक्कल करत का ते विचारलं. तिथं काम करणाऱ्या दोन पोरी फिसकन हसल्या.

मॅडम हसल्या नाहीत. "सर, चूक माझी आहे. मावशींना मी नुसतं धुवा म्हटलं. साबणाचा अंशही का राहू नये, ते सांगितलंच नाही."

मग मला शेजारी बसवून त्यांनी सगळं समजावलं. अंगात जंतू शिरले की शरीरातल्या काही गाठी त्यांच्याशी लढतात. ती जेली म्हणजे तशीच एक गाठ, हातानं बनवलेली. उरलेल्या साबणानं तिच्यातल्या पेशी फुटतात.

"म्हंजे अवधाण?" मी म्हटलं.

"काय ते?"

"पायात काटा मोडून पिकला का जांघेत गाठ येते ना, ठणकते. आमच्याकडं अवधाण म्हणतेत त्याले."

"अहो मावशी, तेच! माझ्या आईला दोन वर्षं सांगतेय मी काय बनवते ते, तिला कळतच नाही. आज फोन करून हा शब्द सांगते."

त्या दिवशी दर बाटली मी दहादा खंगाळली, शेवटी शुद्ध पाण्यानं. नव्या पेशी चौथ्या दिवशीही जिवंत होत्या. मला कामावर कायम ठेवायच्या कागदावर सरांची सही मॅडमनीच आणली. मला नीट आभारही मानता आले नाहीत, नुसती रडले.

मॅडम, तुमच्या घरी कधी दुखणंखुपणं आलं, माणूस लागलं, तर पहिली हाक मला मारा. असेन तिथून येईन. हे फेडल्याशिवाय मी राहायची नाही.