आजोबांच्या मापाचा मांडव

दिंडोरीजवळच्या आमच्या द्राक्षबागेचा मांडव आजोबांच्या मापाचा आहे. लोखंडी अँगल रोवून त्यांच्यावर तारांचं छत ताणायचं आणि वेल त्यावर पसरू द्यायचे, हा मांडव. आजोबांनी तो घातला तेव्हा स्वतःच्या मापाने घातला, आणि आजोबा होते बुटके. घरात उंची आली ती आजीच्या माहेराकडून. वडील उंच, काका उंच, मी तर ताडमाड. वेल जुने झाले की बदलले, पण अँगल आणि तारा जिथल्या तिथे राहिल्या. त्यामुळे आमचं सगळं खानदान आयुष्यभर एका बुटक्या माणसाच्या मापात वाकून चाललं.

मांडवाखाली चालायची एक तऱ्हा असते. गुडघे सैल, खांदे पुढे, मान खाली. ताठ्यात गेलात तर तार कपाळाला प्रसाद देते. शाळेतून आले की दप्तर टाकून मी बागेत जायचे. फवारणी नसेल त्या दिवशी अभ्यासही तिथेच. वर पानं, खाली गार माती, आणि लांबून कुणाचे तरी फक्त पाय दिसायचे. पायांवरून माणूस ओळखायचा खेळ मी आणि माझा धाकटा भाऊ खेळायचो. मला तिथे फार बरं वाटायचं. घरापेक्षाही बरं वाटायचं, हे आईला कधी सांगितलं नाही इतकंच.

मला बघायला नाशिकहून पाहुणे आले तेव्हाची गोष्ट. स्वयंपाकघराचं दार चांगलं उंच होतं, पण हातात चहाचा ट्रे आणि अंगात सवय, मी मान खाली घालून, खांदे आवळून बाहेर आले. होणाऱ्या सासूबाई तिथल्या तिथे विरघळल्या. "किती विनयशील मुलगी! हल्लीच्या मुली कशा तरातरा येतात." आतल्या खोलीत भावाने तोंडात रुमाल कोंबला. लग्न ठरलं. महिनाभरात सासूबाईंना कळून चुकलं की सुनेची मान वाकलेली असली तरी जीभ चांगली सरळ आहे. आजही आमचं वाजलं की त्या म्हणतात, "त्या दिवशी दारातून आलीस ना, तिथेच फसले बाई मी!" मी म्हणते, "मुलगी बघितलीत, बाग कुठे बघितलीत?" भांडून झालं की दोघींनाही चहा लागतो, म्हणून संसार टिकला.

नाशिकला इंदिरानगरात आमचा फ्लॅट आहे आणि बिल्डिंगखालीच माझं शिवणकामाचं दुकान. इतकी वर्षं झाली, पण लिफ्टमध्ये शिरताना, दुकानाचं शटर अर्धं उघडं असताना, अगदी डोक्यावर काही नसतानाही माझी मान आपोआप खाली जाते. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. माणसाची बोली जशी गावची असते, तशी माझी चाल बागेतली आहे, एवढंच मी समजत होते. उलट शहरात कुठे अवघडल्यासारखं झालं की जरा वाकून चालायचं, लगेच घरच्यासारखं वाटायचं.

मग गेल्या वर्षी लेक नववीत गेली आणि मी तिचा शाळेचा ड्रेस शिवायला घेतला. माप घेताना पाठीची लांबी पुढच्यापेक्षा बरीच जास्त भरली. शिवणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही: माणूस पोक काढून उभं आहे. मी टेप पुन्हा लावली. तेच.

"सरळ उभी राहा."

"आहे ना सरळ."

"ही सरळ? आरशात बघ!"

मी चिडले की माझा आवाज दोन मजले वर जातो. ती रडायलाच लागली. वर्गात तिला टॉवर म्हणतात. गॅदरिंगच्या नाचात तिला मागच्या रांगेत, त्यातही कडेला टाकलं होतं. मैत्रिणींसोबत फोटो काढताना ती गुडघ्यात वाकते. हे सगळं सांगून झाल्यावर नाक पुसत म्हणाली, "आणि तू पण तर अशीच चालतेस. तुला पण लाजच वाटते ना?"

मी टेप गुंडाळून ठेवली. मला लाज कधी वाटलीच नव्हती. पण पोरीने कुठे बाग बघितली होती? सुट्टीतले चार दिवस सोडले तर ती वाढली या फ्लॅटमध्ये, जिथे पंखासुद्धा हाताला लागत नाही. तिने बघितली ती फक्त वाकलेली आई. जे मी मजेत अंगावर वागवलं, ते तिच्या अंगात लाज होऊन शिरलं होतं. डॉक्टर म्हणाले, हाडात काही दोष नाही, सवय आहे, आत्ताच मोडा. पुढे पाठ तशीच बसली की मग अवघड. मला पाठीपेक्षा मनाची भीती वाटत होती. वाकलेलं मन कुठल्या डॉक्टरला दाखवायचं?

मग मी दिवसभर "पाठ!" म्हणून ओरडायला लागले. जेवताना पाठ, अभ्यासाला पाठ, टीव्हीसमोर पाठ. ती तेवढ्यापुरती ताठ व्हायची आणि पुन्हा मिटायची.

नाताळच्या सुट्टीत आम्ही दिंडोरीला गेलो. जुन्या बागेत विरळणी चालली होती. घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढायचं हे काम गावातल्या बायका करतात, दिवसभर हात वर करून. शेजारच्या नव्या प्लॉटवर भाऊ मांडव घालत होता. लेकीला बघून बायका म्हणाल्या, "लय उंच झाली गं पोरगी!" आणि पोरगी लगेच आक्रसली.

तेवढ्यात भावाने पलीकडून हाक मारली. "ताई, तुझ्या पोरीला पाठव इकडं. आजोबांच्या मांडवात मान मोडली माझी. ह्या बारीला उंच घ्यायचाय. घरात सगळ्यात उंच तीच हाय, तिच्याच मापाने घेऊ."

लेक अँगलला पाठ लावून उभी राहिली, अर्थातच खांदे पाडून. भाऊ हातात खडू घेऊन थांबला.

"अशी नाय. तू वाकलीस तर सगळा प्लॉट वाकल. मग बसा पुन्हा सगळे वाकत."

तिने माझ्याकडे बघितलं. "पाठ!" माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. ती हळूहळू सरळ झाली. आधी खांदे मागे गेले, मग मान वर आली. माझी मुलगी नक्की केवढी आहे हे मला त्या दिवशी दिसलं. माझ्यापेक्षा चांगली चार बोटं उंच. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. भावाने तिच्या डोक्यावर खडूची रेघ मारली.

बायका काम थांबवून बघत होत्या. त्यातली वयाने मोठी म्हणाली, "अगं माय, तिथं तार नेली तर दिवसभर कात्री चालवायला आमचे हात नाय पुरायचे. शिडी घेऊन विरळणी करायची का आम्ही?"

सगळ्या हसल्या. आता ही पुन्हा मिटणार, असं वाटून मी पुढे झाले. पण ती रेघेकडे बघत होती. मग तिने त्या बाईंना जवळ बोलावलं, कात्री चालवताना असतो तसा हात वर करायला लावला आणि बोटं कुठवर पोचतात ते नीट बघितलं.

"मामा, खाली घे. यांचे हात पुरतील एवढं. मी आत आले की वाकेन."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पण आतच. बाहेर नाही."

भावाने बाहीने रेघ पुसली आणि खाली नवी मारली. बायका कामाला लागल्या. मी बांधावर उभी होते, डोक्यावर ना तार ना पान, तरी मान खालीच. मी पाठ सरळ केली. या वयात जरा कळ आली, पण केली.