फाटकवाली आणि तिची ताई

गाव मुळात नदीकाठचं. टेकडीच्या पायथ्याशी बारमाही झरा होता आणि वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं, म्हणून स्टेशन तिकडं बांधलं. स्टेशनामागोमाग बाजार गेला, शाळा गेली, दवाखाना गेला. घरं तेवढी नदीकडं राहिली, मधून रूळ गेले. मीठ संपलं तरी फाटक ओलांडावं लागे. पुढं वाफेची इंजिनं गेली, पाण्याची टाकी गंजली, प्रवासी गाड्या थांबेनाशा झाल्या. मालगाड्या मात्र वाढल्या आणि फाटक दिवसाचं बंदच जास्त राहू लागलं. गाडीचा गावाला उपयोग काही नाही, खोळंबा तेवढा हक्काचा.

त्या खोळंब्याच्या शिव्या खायला एक बाई होती. नवरा रुळांवर काम करताना गेला आणि त्याच्या जागी तिला फाटकावर घेतलं. भिंतीला फोन, खुंटीला लाल-हिरवे झेंडे, मागच्या खोलीत स्टोव्ह आणि खाट, एवढ्यात तिचा संसार. तिचं नाव गाव विसरलं. लहानथोर सगळे फाटकवालीच म्हणत.

तिची थोरली बहीण नदीकडच्या गल्लीत दिलेली. दाजी शिंपी होते. मेहुणीचा खाकी सदरा तेच शिवायचे, वर म्हणायचे, "साहेब, माप वाढलंय. रेल्वे बरी खायला घालते!" त्या घरात दाजींच्या थट्टेवरच ती हसायची.

एका दुपारी दाजींच्या छातीत कळ आली. ताईनं त्यांना टेम्पोत घालून फाटकाशी आणलं, तेव्हा फाटक नुकतंच पडलं होतं.

"उघड गं!" ताई खाली उतरून ओरडली.

"सिग्नल दिलाय, ताई. आता गाडी गेल्याशिवाय कुलूप निघत नाही."

शेजारच्या चौघांनी दाजींना उचललं, दांड्याखालून न्यायला निघाले. फाटकवाली हात पसरून आडवी उभी राहिली. तिथं रूळ टेकडीला वळसा घालून येतात. गाडी अंगावर येईतो दिसत नाही. शिट्टी ऐकू आली होती. नवऱ्याला याच रुळांवरून गोळा करून नेताना तिनं पाहिलं होतं. "नाही जायचं," ती म्हणाली. "कुणीच नाही."

गाडी आली ती रखडत आली. चढावर दम खात, डब्यामागून डबा, संपता संपेना. फाटक उघडलं तेव्हा ताई टेम्पोत बसून नवऱ्याच्या कपाळावरून हात फिरवत होती. घाई तिनं सोडून दिली होती.

दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, अर्धा तास आधी आणलं असतं तरी वाचले असते असं सांगता आलं नसतं. ताईनं ते ऐकून घेतलं. बहिणीशी बोलणं मात्र तेव्हापासून बंद.

बाजाराची वाट एकच. ताई पिशवी घेऊन यायची, मान खाली घालून रूळ ओलांडायची. धाकटी दांडा वर करायची, खाली करायची. कधी ताई बंद फाटकाशी ताटकळायची, तेव्हा दोघी हाकेच्या अंतरावर उभ्या असायच्या आणि मधून गाडी जायची. सुरुवातीला फाटकवाली "ताई" म्हणून हाक मारी. मग तीही थकली. दोघींचे केस पिकले, धाकटीचे गुडघे गेले.

शेवटी रुळांखालून भुयारी रस्ता झाला. फाटक उखडून तिथं भिंत घातली. फाटकवालीची निवृत्ती जवळच आली होती. खोली रिकामी करायची होती आणि जायचं कुठं, हे तिनं ठरवलेलं नव्हतं. कुणी विचारलं तर "बघू" म्हणायची.

त्या सकाळी ती ट्रंकेवर बसली होती. दारात ताई आली.

"ऊठ. घरी चल."

धाकटी ट्रंकेला धरून उठली.

"राग गेला म्हणून आले नाही," ताई म्हणाली. "आता तो वागवत नाही, म्हणून आले."

ट्रंक पाठवायची ठरवून दोघी सतरंजीची वळकटी आणि स्टोव्ह घेऊन निघाल्या. भुयारात घोटाभर पाणी साचलं होतं. पलीकडच्या पायऱ्यांवर दोघींनाही धाप लागली, म्हणून बसल्या. वरून मालगाडी गेली. आवाज थांबल्यावर ताईनं विचारलं, "तेव्हा गाडी खरंच जवळ होती का गं? नेता आलं असतं का त्यांना?"

फाटकवालीनं हातातला स्टोव्ह पायरीवर ठेवला. खोटं बोलणं सोपं होतं.

"आलं असतं बहुतेक," ती म्हणाली. "ती इतकी हळू येतेय हे मला कुठं दिसत होतं? मला सगळे मेलेले दिसत होते. चौघंही, दाजीही, तूसुद्धा."

ताई ओल्या पायऱ्यांकडं पाहत राहिली. मग पदरानं तोंड पुसून उठली.

"आण ती वळकटी इकडं. तुझ्या गुडघ्यांनी नाही व्हायचं."