प्रोजेक्टरला वारा

कॉलेजात ऑनलाइन चाचणी संपली, बघते तर हातातला टॅबलेट चांगलाच तापलेला. मी नकळत वहीने त्याला वारा घालायला लागले. शेजारची मैत्रीण हसली, "अगं, तो काय माणूस आहे?"

ही सवय शाळेतली. दर शनिवारी विज्ञानाच्या बाई आम्हाला संगणक खोलीत अंतराळाचे सिनेमे दाखवायच्या. यंत्रांना धूळ नको म्हणून चपला दाराबाहेर. सिनेमा ऐन रंगात आला की आमचा जुना प्रोजेक्टर तापून बंद पडायचा. बाई परीक्षेच्या पॅडने त्याला वारा घालत विचारायच्या, "सांगा, पुढं काय होईल?"

एकदा वर्गातली शकू म्हणाली, "बाई, यानातली माणसं नव्या ग्रहावर उतरतील, पण आधी चपला काढतील." आम्ही खूप हसलो. बाई मात्र म्हणाल्या, "काढायलाच हव्यात."

त्या तापट यंत्राचे केवढे उपकार! ते धड चाललं असतं, तर आम्ही नुसतं बघत बसलो असतो.

परवा शकू ज्याबद्दल बोलली होती तोच सिनेमा टॅबलेटवर एकदाही न अडता पूर्ण पाहिला. शेवटी ती माणसं नव्या ग्रहावर उतरली. थेट बूट घालूनच.